दारू सोडवायला साठ हजार लागतात? कर्ज काढायच्या आधी हे वाचा

आमचा बचत गट महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देवळाच्या मंडपात बसतो. गेल्या पावसात अशाच एका मीटिंगला आमच्यातली एक वहिनी म्हणाली, मला साठ हजार कर्ज पाहिजे. गटाची सगळी पेटी उलटी केली तरी तेवढे निघत नाहीत. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली घरखर्च. वही माझ्याकडे असते, मी कारणाच्या रकान्यात "घरखर्च" लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले, कारण मंडपातल्या चौदाही जणींना माहीत होतं की पैसे नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायला पाहिजेत, तीन महिन्यांचे आगाऊ, आणि केंद्राचा नंबर कुणीतरी व्हॉट्सअपवर पाठवलेला.

दोन वर्षांपूर्वी तिने हेच एकदा करून बघितलेलं. तेव्हा मंगळसूत्र गहाण पडलं. तीन महिने तो आत होता, एकदाही मानसोपचाराच्या डॉक्टरने तपासलं नाही, ती भेटायला गेली तर गेटवरूनच परत पाठवली, आणि घरी आल्यावर अकराव्या दिवशी तो परत बारवर. मंगळसूत्र अजून सोडवलेलं नाही.

पेपरात गोव्यातल्या नशेची बातमी येते ती बहुतेक किनाऱ्यावरच्या पार्टीची आणि पकडलेल्या ड्रग्सची. आमच्या डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या वाड्यांवर प्रश्न आहे तो दारूचा, आणि तो बातमीत येत नाही कारण त्यात बातमी होण्यासारखं काही घडत नाही, रोज तेच घडतं. केंद्र सरकारसाठी एम्सच्या टीमने देशभर सर्व्हे केला, २०१९ साली त्याचा रिपोर्ट आला, त्यात सगळ्यात जास्त दारू पिणाऱ्या राज्यांच्या यादीत आपलं एवढंसं गोवा आहे. आणि त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा मला जास्त टोचला: दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळतो. हॉस्पिटलात राहून उपचार तर १८० मागे एकाला.

त्या मीटिंगनंतर मी वहिनीबरोबर फिरले, विचारलं, फोन केले, कायदा वाचून घेतला. जे समजलं ते इथे लिहितेय, कारण ते आम्हाला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मंगळसूत्र गळ्यात राहिलं असतं.

## आजार कसला, नाद आहे नुसता

हे वाक्य सासू म्हणते, पंच म्हणतो, आणि दारू पिणारा स्वतःपण म्हणतो. तर आधी हेच बघू.

घरातलं एक जड कपाट घ्या. एका बाजूने एक माणूस ते ढकलतोय. कपाट पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूने दुसरा माणूस तेवढ्याच जोराने परत ढकलतो. दारू हा पहिला माणूस. दारू मेंदूला मंद करते, सुस्त करते. रोज पडायला लागली की मेंदू काय करतो, आपलं काम चालू राहावं म्हणून उलट्या बाजूने जोर लावतो, स्वतःला जास्त जागं, जास्त तापलेलं ठेवतो. वर्षं जातात तसे दोघांचे जोर वाढत जातात, म्हणूनच जो माणूस आधी एका क्वार्टरमध्ये झोपायचा तो आता दोनांत पण नीट उभा असतो आणि लोक म्हणतात "कितीही घेतली तरी त्याला चढत नाही", जसं काही हे कौतुक आहे.

आता पहिला माणूस अचानक बाजूला झाला तर? दुसरा कपाटासकट तोंडावर आपटतो. दारू एकदम बंद झाली की मेंदूचा तो उलटा जोर तसाच शिल्लक राहतो आणि माणूस थरथरतो, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. याला विथड्रॉवल म्हणतात. सकाळी उठल्याउठल्या थोडी घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत तो मजेसाठी पीत नाहीये, कपाट पडू नये म्हणून पितोय.

सुरुवात त्याने स्वतःच्या हाताने केली, मान्य. साखरेचा आजारही खाण्यापिण्याने वाढतो, म्हणून आपण त्या माणसाला इन्सुलिन नाकारतो का?

## देवासमोर शपथ घेतली, एकदम सोडतो म्हणाला

आणि इथे लोकांचे जीव जातात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

चतुर्थीला, नाहीतर गावच्या जत्रेला देवासमोर नारळ ठेवून माणूस सांगतो आजपासून थेंब नाही. घरचे खूश. पहिल्या दिवशी हात थरथरतात. पुढच्या एकदोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जण भलतंच बोलायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला येतंय म्हणून ओरडतात, अंगात ताप. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं आणि घाड्याकडे, म्हणजे देवऋषाकडे नेतात. हे बाहेरचं काही नसतं, कपाट कोसळलेलं असतं, आणि वेळेत हॉस्पिटल मिळालं नाही तर यात माणूस मरू शकतो.

म्हणून जो वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, आणि त्यातही ज्याला आधी कधी सोडताना फिट आलेली आहे, त्याने घरात दार लावून एकदम सोडायची नाही. डॉक्टरच्या नजरेखाली सोडायची. फिट आली, भ्रम झाला, तर १०८ ला फोन.

वहिनीच्या नवऱ्याला आम्ही बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं त्या सकाळी आधी बाहेर चहा घेतला. त्याने चहावाल्याला अर्धाच ग्लास भरायला सांगितला. मग खिशातला रुमाल ग्लासाला गुंडाळला, दोन्ही हातांत धरला, आणि ग्लास तोंडाकडे नेण्याऐवजी तोंडच ग्लासाकडे नेलं. एकावन्न वर्षांचा, आयुष्यभर ट्रकवर चिरे चढवलेला माणूस. आत डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो "किती पिता" हा नव्हताच, त्यांनी विचारलं "शेवटची कधी घेतली?" त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला काल रात्री साडेनऊला. त्यांनीपण घड्याळाकडे बघितलं आणि तास मोजले. तो प्रश्न का असतो ते आता तुम्हाला कळलं असेल.

## डिटॉक्स झाला म्हणजे सुटली का

नाही, आणि खासगी केंद्राच्या जाहिरातीत इथेच सगळी भेसळ होते.

आपल्या जुन्या कौलारू घरात पावसाचं पाणी शिरलं तर आपण आधी बादल्या भरून पाणी काढतो. पण पाणी काढलं म्हणजे घर दुरुस्त झालं नाही, वर चढून कौलांचे नळे परतावे लागतात, फुटलेले बदलावे लागतात, आणि दर वर्षी मिर्गाच्या आधी परत एकदा बघावं लागतं. डिटॉक्स म्हणजे पाणी काढणं. पाच ते दहा दिवस लागतात साधारण. त्यात थरथर आणि फिट टाळायला डॉक्टर ठरावीक दिवस गोळ्या देतात आणि रोज कमी करत बंद करतात. सोबत बी-वन म्हणजे थायमिन हे व्हिटॅमिन देतात, कारण दारूवर जगणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं आणि ते नसलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. (आपल्याकडे "अशक्त झालाय, एक ग्लुकोज लावा" म्हणून सलाईन चढवून घ्यायची फार सवय. रोज पिणाऱ्याला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवणं धोक्याचं ठरू शकतं, जवळच्या डॉक्टरला तो किती पितो हे लपवू नका.) आणि त्या गोळ्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने आणून घरी द्यायच्या नाहीत, वर दारू पडली तर श्वास थांबू शकतो.

नळे परतायचं काम नंतरचं. त्यात समुपदेशन येतं, पिण्याची ओढ कमी करणारी औषधं येतात, नाल्ट्रेक्सोन आणि अकाम्प्रोसेट ही त्यातली दोन, शिवाय संध्याकाळी सहानंतर काय करायचं, पगार कुणाच्या हातात द्यायचा, बारच्या समोरून न जाता घरी कुठल्या वाटेने यायचं, असल्या अगदी साध्या गोष्टी येतात. हे काम महिने, वर्षं चालतं. आणि हे बहुतेक सगळं घरी राहून, कामावर जाऊन होतं.

## म्हणजे ॲडमिट व्हावंच लागतं असं नाही?

सगळ्यांना नाही, आणि पैशाच्या दृष्टीने या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक परीक्षा आहे, ऑडिट नावाची. किती वेळा पिता, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी लागते का, असले प्रश्न, शून्य ते चाळीस मार्क. इथे कमी मार्क चांगले. आठ किंवा त्याच्या वर गेलं की धोका, वीसच्या आसपास किंवा वर म्हणजे बहुतेक पक्का आहारी गेलाय, त्याला डॉक्टर पाहिजेच. पण मधले जे आहेत, शनिवारी पगार उडवणारे, पडणारे, भांडणारे, पण अजून सकाळी हात न थरथरणारे, त्यांची संख्या फार मोठी आहे आणि त्यांना वेळेवर नीट बोलणारं माणूस भेटलं तरी फरक पडतो.

हे मी मनाने सांगत नाही. गोव्यातच संगाथ या संस्थेने आपल्या सरकारी आरोग्य केंद्रांत याचा अभ्यास केला आणि २०१७ साली तो लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय मासिकात छापून आला. बारा ते एकोणीस मार्कांचे पुरुष घेतले. अर्ध्यांना नेहमीचा उपचार, आणि अर्ध्यांना त्यावर जास्तीचं समुपदेशन, जास्तीत जास्त चार बैठका. बोलणारे डॉक्टर नव्हते, आपल्यासारखीच साधी, ट्रेनिंग दिलेली माणसं होती. तीन महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्याशी बोललं गेलं त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, बाकीच्यांतले २६ टक्के. शंभरामागे दहा घरं जास्त वाचली, चार वेळा बसून बोलल्याने. कमी वाटतं का? मला नाही वाटत. आमच्या वाड्यावर बेचाळीस घरं आहेत.

## मग जायचं कुठे

पहिली पायरी तुमचं पीएचसी, म्हणजे गावचं आरोग्य केंद्र. तिथे केस पेपर काढा आणि डॉक्टरला सरळ सांगा दारूसाठी आलोय. लाजून "पोटात दुखतं" सांगितलंत तर ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी याल. तिथून पुढची चिठ्ठी मिळते. म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा हॉस्पिटल, ज्याला आपण आझिलो म्हणतो, आणि मडगावचं दक्षिण गोव्याचं, म्हणजे हॉस्पिसियो, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आणि बांबोळीला जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारी आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल, तिथे व्यसनाच्या उपचाराची वेगळी सोय आहे आणि ॲडमिटपण करतात. कुठल्या वारी कुठली ओपीडी हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, नाहीतर दिवस फुकट जातो.

कुठून सुरू करायचं तेच कळत नसेल तर १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन, पैसे पडत नाहीत. दुसरी १४४१६, टेली मानस, २०२२ साली सुरू झाली, तिथे मराठीतून बोलता येतं आणि रात्रीपण उचलतात. बायकोने, आईने, मुलाने फोन केला तरी चालतो, पिणारा माणूस फोनवर यायलाच पाहिजे असं नाही. सरकारच्या अनुदानावर चालणारी राहायची केंद्रंपण असतात, तुमच्या जवळ कुठलं आहे आणि जागा आहे का ते १४४४६ वरच विचारा.

आणि एए. अल्कोहोलिक्स ॲनोनिमस. दारू सोडलेली माणसं दारू सोडू बघणाऱ्या माणसांबरोबर बसतात, एवढंच. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. गोव्यात मीटिंग होतात, बऱ्याचदा चर्चच्या नाहीतर शाळेच्या खोलीत, पण हिंदू ख्रिश्चन असं काही नसतं. घरच्यांसाठी वेगळा गट असतो, अल-अनॉन. डिटॉक्सच्या गोळीची जागा एए घेत नाही, पण संध्याकाळी सात वाजता पाय बारकडे वळायला लागतात तेव्हा गोळी कामाला येत नाही, माणूस येतो.

## सरकारी उपचार फुकट म्हणता, पण फुकट कुठे काय असतं

बरोबर आहे, फुकट नाही. वहिनीबरोबर मी बसून हिशेब केला तो असा. त्याचा एक दिवसाचा रोज सहाशे. ती दोन घरची धुणीभांडी करते, तिचे तीनशे गेले. घरून पणजी आणि पणजीहून बांबोळी, दोघांचं जाऊन येऊन बसभाडं दोनशेच्या आसपास, चहा आणि भात शंभर. एक फेरी बाराशे रुपये. पहिल्या महिन्यात चार फेऱ्या, म्हणजे चार हजार आठशे. डॉक्टरचं काही नाही यात, सगळा खर्च वाटेचा आणि बुडालेल्या रोजाचा. आणि हेच खरं कारण आहे की गरीब माणूस दुसऱ्या फेरीला येत नाही, लोक म्हणतात "त्याला सुधरायचंच नाही", पण घरात त्या दिवशी तांदूळ आणायचा असतो.

साठ हजार उभे करणं आम्हाला जमलं नसतं, पाच हजार जमले. गटाने दिले, बिनव्याजी, आणि मुकादमाला सांगून सोमवारऐवजी रविवारी काम करायची परवानगी घेतली, त्यामुळे दोन रोज वाचले. तेव्हा तुमच्या गटात, मंडळात, सोसायटीत कुणी उपचारासाठी मागायला आलं तर आधी विचारा बसचे किती आणि रोज किती बुडतो. ॲडमिट केलं तर सोबत घरचं माणूस राहावं लागतं का तेही विचारून ठेवा, तो वेगळा खर्च असतो. आणि त्याचा रोजचा दारूचा खर्च वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा. वहिनीने लिहिला तो महिन्याला साडेतीन हजार निघाला, तिला सरकारकडून मिळणाऱ्या गृह आधारच्या दीड हजारातले पण त्यात जात होते.

## कार्ड, विमा, ईएसआयचं काय

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर बरोबर ठेवा. पण या योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी असते, व्यसनाचा उपचार खासगी हॉस्पिटलात या कार्डावर बसतो का हे पैसे भरायच्या आधी हॉस्पिटलच्या योजना काउंटरवर विचारा, एजंटला नको.

गोव्याबाहेरच्या पेशंटकडून जीएमसीत २०१८ पासून फी घेतात, इमर्जन्सी सोडून. म्हणजे दोडामार्ग, सावंतवाडीहून येणारे आपले पाहुणे आणि इथे साइटवर राबणारे बाहेरचे मजूर. त्यांच्यासाठी एक गोष्ट माहीत असायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्सच्या गैरवापराने होणाऱ्या मानसिक त्रासाला मानसिक आजारच धरलंय, आणि कलम १८ सांगतं की दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार, बेघर माणसाला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मोफत मिळायचा हक्क आहे, बीपीएल कार्ड हातात असो की नसो. अडवलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. बाईला तर उत्पन्न न बघता मिळतो.

वेर्णा, कुंडईच्या फॅक्टरीत असाल आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापत असतील तर मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, आणि ईएसआयच्या डॉक्टरने अनफिट सर्टिफिकेट दिलं तर, वर्गणीची अट पुरी असली की, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के मिळू शकतात. कितीतरी जणांना हे माहीतच नाही.

बाकी खासगी मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका. कायद्यात मानसिक आजाराला विमा द्या असं म्हटलंय, पण बहुतेक पॉलिसींत दारू आणि नशेचा उपचार वगळल्याचं कलम असतं. तुमची पॉलिसी उघडून वाचा, ते कलम बहुतेक सापडेलच.

## तरी खासगी केंद्रातच ठेवायचं ठरवलं तर

ठेवा, सगळी केंद्रं वाईट नसतात, आणि काही घरांत मारहाण एवढी असते की तो काही दिवस लांब राहणं हीच गरज असते. पण पैसे द्यायच्या आधी स्वतः जाऊन बघा. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद आहे का, सर्टिफिकेट भिंतीवर दाखवा म्हणा. मानसोपचाराचा डॉक्टर कोण, आठवड्याला कितीदा येतो. पहिले पाच दिवस, फिट यायचा धोका असतो तेव्हा, रात्री तिथे कोण असतं. भेटायला कधी येऊ. मध्येच घरी न्यायचं झालं तर उरलेले पैसे परत मिळतात का, पावती देता का. यातल्या एकाही प्रश्नाला "ते तुम्ही आमच्यावर सोडा" असं उत्तर आलं तर पर्स बंद करून घरी या. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, कलम ९५, कुठल्याही कारणाने नाही. मारून कुणाची दारू सुटत नाही, तो फक्त पुढच्या वेळी "केंद्र" हा शब्द ऐकला की पळून जातो. वहिनीचा नवरा बांबोळीला यायला तयार व्हायला दीड महिना लागला तो याच भीतीने.

## तो यायलाच तयार नाही, मग चहातून औषध द्यावं?

हा प्रश्न मला मंडपात सगळ्यात जास्त विचारला जातो, हळू आवाजात. "न सांगता दारू सोडवा" अशा पुड्यांच्या जाहिराती खांबांवर चिकटवलेल्या असतात. आतमध्ये नेमकं काय असतं ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम नावाची एक खरी गोळी आहे, ती घेतलेली असताना दारू प्यायली की तोंड लाल होतं, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली. ज्याला माहीत आहे की गोळी घेतलीय तो त्या भीतीने पीत नाही, म्हणून ती काम करते. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी पिणार, आणि हार्टचा त्रास असला तर घरच्यांच्या हातून त्याचा जीव जाऊ शकतो. चहातून काही देऊ नका. कृपा करून.

त्यापेक्षा वेळ बघा. प्यायलेला असताना बोलायचं नाही, काही उपयोग नाही. सकाळी, पडून लागल्यावर, रोज बुडाल्यावर, मुलगी काहीतरी बोलून गेल्यावर एक दार किलकिलं होतं, त्याच दिवशी न्यायची तयारी आधीपासून ठेवा. "दारू सोड" हे त्याने हजार वेळा ऐकलंय, "हातांची थरथर दाखवून येऊ, रात्री झोप लागेल" हे त्याला पटतं. आणि तो नाहीच आला तरी तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जा, घरच्यांनी वागणं बदललं की बरेच जण नंतर येतात.

जबरदस्तीने ॲडमिट करता येतं का? कायद्यात वाट आहे, पण अरुंद. तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय, किंवा स्वतःची अजिबात काळजी घेऊ शकत नाही, असं एका मानसोपचार डॉक्टरने आणि आणखी एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाने वेगवेगळं तपासून सांगावं लागतं, आणि तेही आधी तीस दिवसांपर्यंतच. नुसता पितो म्हणून नाही. आणि तो मारत असेल तर त्याची दारू सुटेपर्यंत थांबायचं नसतं, १८१ महिला हेल्पलाईन, ११२ पोलीस. मार थांबवणं आधी.

## मुलाचं ड्रग्सचं आहे, हॉस्पिटलात नेलं तर पोलीस येतील ना?

हॉस्पिटल पोलीस चौकी नाही, पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. आणि १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे ड्रग्सच्या कायद्यातच कलम ६४-ए आहे, जो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला येतो आणि उपचार पुरा करतो त्याला सेवनाच्या किंवा अगदी थोडा माल सापडल्याच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. विकणाऱ्याला नाही. हेरॉईनसारख्या नशेला ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी असते, सरकारी देखरेखीखाली देतात. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं लोक म्हणतात, पण त्या गोळीवर मुलगा झोपतो, जेवतो, कामाला जातो आणि ओव्हरडोसने मरायचा धोका कमी होतो.

## एकदा करून झालं, परत सुरू केली

करणार. बरेच जण करतात, पहिल्या वर्षात निम्म्याच्या आसपास. दमा, बीपीची गोळी सुटली की ते परत वर येतातच, तिथे आपण पेशंटला नालायक म्हणत नाही, परत डॉक्टरकडे नेतो. पावसात एक नळा सरकला तर घर पाडत नाही कुणी. वहिनीचा नवरा पाचव्या महिन्यात प्यायला, भाच्याच्या लग्नात. या वेळी फरक एवढाच की तिसऱ्या दिवशी तो स्वतः म्हणाला, बांबोळीला कधी जायचं ते बघ.

## जायच्या आदल्या रात्री

पिशवीत आधार कार्ड, असेल तर रेशन कार्ड आणि दीनदयाळचं कार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, तो सध्या ज्या गोळ्या खातो त्यांची पाकिटं, नावं वाचता आली नाहीत तरी. एका कागदावर रोज किती पितो, कुठली, किती वर्षं, शेवटची किती वाजता, आधी फिट आली होती का. पाण्याची बाटली, दोन पोळ्या, कारण लाईन मोठी असते. पहिली बस पकडा. पक्का आहारी गेलेला असेल तर त्या दिवशी अजिबात प्यायची नाही असा हट्ट घरात धरू नका, आधी डॉक्टरला बघू दे, थांबवायची कशी ते डॉक्टर सांगतील. आणि परत यायच्या तारखेची चिठ्ठी नीट ठेवा. वहिनीने ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलीय, गॅसच्या पुस्तकाशेजारी.